वहिनीचा आवाज कोणी पुसला?

१

दादाने बटण दाबलं आणि पाचही जण श्वास रोखून बसले.

खोली लहान होती. पूर्वी तिथे इस्त्रीचे कपडे, जुन्या बॅगा आणि एक मोडका पंखा राहायचा. गेल्या वर्षापासून तिथे वहिनीचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे काय, तर स्टँडवर एक माइक आणि त्याच्यापुढे भरतकामाच्या रिंगवर ताणून बसवलेला पायमोजा, म्हणजे 'प' आणि 'फ' म्हणताना तोंडातली हवा माइकवर आदळत नाही. शिवाय दोन बटणांचा एक छोटा डबा, कानाला घट्ट बसणारे हेडफोन आणि दादाचा जुना लॅपटॉप. भिंतींना तारा ठोकून त्यांवर घरातल्या जाडजूड रजया टांगल्या होत्या. एवढ्या भांडवलावर वहिनी रॅप करायची, आणि ज्याला सगळे ठेकाच म्हणत तो तिचा साथीदार खाली ताल द्यायचा.

हसू येण्यासारखीच गोष्ट होती, आणि आधी सगळे हसलेही. वहिनी बसस्थानकावर घोषणा करायची. वीसेक वर्षं तिने रोज लोकांना कोणती गाडी कुठे लागली, कोणती चुकली, कोणाचं पोरगं चौकशी खिडकीपाशी रडतंय, हे सांगितलं होतं. तिचा चेहरा गावात फारसा कोणाला माहीत नव्हता, पण भाजीवालीकडे नुसतं "अर्धा किलो" म्हटलं तरी लोक वळून बघायचे. घोषणांना यमक जुळवता जुळवता तिला रॅपचा नाद लागला.

मग घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, गाठ काढू, जिवाला धोका नाही, आवाजही राहील, पण हा राहणार नाही. दुसरा येईल.

म्हणून ऑपरेशनच्या आधी, बुधवारी, वहिनीने आपलं सगळ्यात लांब गाणं रेकॉर्ड केलं. नाव 'उशिराची गाडी'. ठरलं असं, की तिच्या बोलण्यावरची बंदी उठेल त्या दिवशी सगळ्यांनी मिळून ते ऐकायचं, आणि तोवर कोणीही हात लावायचा नाही.

आज तो दिवस होता, रविवार. सकाळपासून चार-दोन शब्द बोलायला डॉक्टरांची परवानगी होती. वहिनी अजून बोलली नव्हती. सगळे समजून होते, गाण्यानंतर बोलेल.

पडद्यावर गाण्याचं नाव होतं. लांबी बरोबर होती. रेघ पुढे सरकत होती. स्पीकरमधून मात्र नुसतं सूंऽऽ.

"आवाज वाढव," चिमणी म्हणाली. ही दादाची कॉलेजात जाणारी मुलगी.

दादाने वाढवला. सूंऽऽ.

रेघ शेवटाला जाऊन थांबली. गाणं संपलं आणि एक शब्द वाजला नव्हता.

दादाची धाकटी बहीण, म्हणजे चिमणीची आत्या, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून हे बघत होती. तिला एक गोष्ट खटकली. बाकी सगळे पडद्याकडे डोळे फाडून बघत होते. वहिनी पडद्याकडे बघतच नव्हती. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. मग ती उठली आणि काही न बोलता आतल्या खोलीत निघून गेली. दार लागल्याचा आवाज आला.

"आई आता आपल्याशी बोलणारच नाही," चिमणी म्हणाली आणि रडायला लागली.

दादाने आत्याचा दंड धरला, तिला ओढतच बाल्कनीत नेलं आणि मागे दार लावून घेतलं.

"छोटे," तो म्हणाला, "मीच पुसलं ते."

२

आत्या विमा कंपनीसाठी अपघातग्रस्त गाड्यांची तपासणी करायची. चेपलेल्या पत्र्यावरून धडक कुठून बसली, ब्रेक लागला होता का, चालक खरं बोलतोय का, हे शोधणं हे तिचं पोट भरायचं साधन. एवढ्या वर्षांत "चूक माझीच" असं आपण होऊन म्हणणारा माणूस तिला भेटला नव्हता. त्यामुळे भावाकडे ती जरा अविश्वासानेच बघत राहिली.

दादा लिफ्टची दुरुस्ती करायचा. अडकलेल्या लिफ्टमध्ये घाबरलेल्या माणसांना बाहेरून धीर देण्यात त्याचा हातखंडा होता. आता तो स्वतःच बाल्कनीच्या कठड्याला धरून उभा होता.

"ऑपरेशनच्या दिवशी," तो म्हणाला, "मी तिचे कपडे न्यायला घरी आलो होतो ना, संध्याकाळी? ती शुद्धीवर आली होती, पण नुसती बघत होती. मला राहवलं नाही गं. म्हटलं, एकदा ऐकतो. कोणाला कळणार आहे. हेडफोन लावले आणि बटण दाबलं, तर लाल दिवाच लागला. मी घाबरलो. दुसरं काहीतरी दाबलं, दिवा गेला. झाकण बंद करून पळालो."

"किती वेळ होता लाल दिवा?"

"कसला वेळ? लागला आणि गेला. पण त्यातच गेलं असणार ना सगळं! त्यावरच रेकॉर्ड झालं! ठेका मला म्हणाला होता, गाणं पेनड्राइव्हवर घेऊन ठेव. तेही विसरलो. शब्द पाळला असता तर..."

"कोणाला सांगितलंस?"

"कोणत्या तोंडाने सांगू?"

आत्याने त्याला पाणी आणून दिलं. "तू इथेच थांब. मी बघते."

ती परत स्टुडिओत आली. भिंतीवरच्या रजया तिने स्वतःच आज सकाळी पुन्हा टांगल्या होत्या. गेले काही आठवडे ती याच खोलीत झोपत होती, याच रजया पांघरून. ती आली गुरुवारी, वहिनी दवाखान्यात भरती होण्याच्या आदल्या दिवशी. घरात जादा पांघरूण नव्हतं. त्या संध्याकाळी वहिनी या खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली, "रजया काढून घे ताई, माझं काम झालं." आत्याने दिवेलागणीलाच त्या उतरवल्या होत्या. भिंती बोडक्या झाल्या, तेव्हा तिला आपण कोणाच्या तरी देवघरात झोपायला आल्यासारखं वाटलं होतं.

लॅपटॉपपाशी चिमणी बसली होती. डोळे पुसत ती एकेक फाइल उघडून बघत होती. आत्याची चाहूल लागताच तिने पटकन पडदा खाली केला.

"काय लपवतेस?"

चिमणीने हात पडद्यावरच दाबून धरला. "आत्या, बाबांना नको ना सांगू. मी केलंय ते."

३

एका घरात, अर्ध्या तासात, दोन गुन्हेगार. आत्याने स्टूल ओढलं आणि ती बसली.

चिमणीची हकिकत अशी. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सगळे दवाखान्यात होते आणि तिला परीक्षेचा अभ्यास म्हणून घरी ठेवलं होतं. अभ्यास कुठला व्हायला! ती इथे येऊन बसली आणि तिने पहिल्यांदाच स्वतःचं काहीतरी रेकॉर्ड केलं.

"कशावर?"

"आईवर." चिमणी ओढणीचं टोक पिळत होती. "रागाने केलं होतं. लहानपणापासून आई सगळ्या गावाशी बोलायची आणि घरी आली की म्हणायची, आता नको, घसा बसलाय. मला तिचा उरलेला आवाज मिळायचा. तेच म्हटलं मी. आई दवाखान्यात आणि मी हे असलं! मग ऐकलं, तर लाज वाटली. पुसून टाकलं. घाईत दोन्ही गेली असतील, माझंही आणि आईचंही."

"तुझं सगळं गेलं?"

"फोनवर आहे. मैत्रिणीला पाठवलं होतं."

"ऐकव."

"नको ना."

"चिमणे, मला तुझे शब्द नकोत. मला खोली ऐकायची आहे."

चिमणीला काही समजलं नाही, पण तिने फोन पुढे केला. पोरीचा आवाज छान होता आणि राग खरा होता. पण प्रत्येक शब्दाच्या मागे त्याची सावली येत होती. न्हाणीघरात गावं तसं.

"असं का वाजतंय?"

"रजया नव्हत्या ना. तू काढल्या होत्यास."

आत्याने मान डोलावली. एवढ्यात दारावर टकटक झाली आणि ठेका आत आला. फरशांच्या दुकानात विक्रीला असणारा हा बोटांनी सतत काहीतरी वाजवणारा माणूस वहिनीला बसस्थानकाच्या कॅन्टीनमध्ये भेटला होता. टेबल वाजवता वाजवता ओळख झाली. वहिनीच्या गाण्यांखालचा ताल त्याचा. हा स्टुडिओही त्यानेच उभा करून दिला. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवायला निघालेल्या दादाला त्यानेच थांबवलं होतं: "साहेब, त्याने काही होत नाही. जाड रजया टांगा. आणि ताईंच्या पाठीशी कपड्यांचं कपाट उघडं ठेवा. कपडे आवाज पितात."

आज तो ऐकायला म्हणून आला होता आणि मघापासून बाहेर चपला घालायच्या की नाही या विचारात उभा होता.

"मॅडम," तो आत्याला म्हणाला, "मला बोलायचंय. पोरीला रडवू नका. दोष माझा आहे."

आत्याने कपाळाला हात लावला. "तुझाही?"

"बुधवारी त्या डब्याचं बटण मीच लावलं होतं, माइकचा आवाज किती घ्यायचा ते. मला वाटतं, ते शून्यावर राहिलं. म्हणजे ताईंचा आवाज आत गेलाच नाही. पहिल्यापासून तिथे काही नव्हतंच, मॅडम. त्या गात होत्या आणि मी येड्यासारखा मान हलवत होतो. परत गाता येणार नाही हे मला माहीत होतं, तरी मी तपासलं नाही."

त्याची बोटं आज कशावरही वाजत नव्हती.

"बुधवारी गाऊन झाल्यावर वहिनीने काय केलं?"

ठेक्याने आठवलं. "हेडफोन लावून पूर्ण ऐकलं. डोळे मिटून. मग मला अंगठा दाखवला."

"रिकामं गाणं ऐकून कोणी अंगठा दाखवेल?"

ठेक्याच्या खांद्यावरचं ओझं उतरताना दिसलं, आणि लगेच दुसरं चढलं. "मग कोणी...?"

"तेच विचारायचंय," आत्या म्हणाली. "पण माणसांना नाही. दोघंही बाहेर जा आणि पंखा बंद करा."

४

गाडी तपासताना आत्याचा एक नियम होता. माणसं भीती सांगतात, गाडी घटना सांगते. इथे तिघांची भीती सांगून झाली होती. आता त्या चार मिनिटांच्या शांततेला बोलतं करायचं होतं.

तिने दार लावलं. हेडफोन कानावर चढवले, आवाज पार शेवटपर्यंत नेला आणि रिकामं गाणं पुन्हा सुरू केलं.

ते रिकामं नव्हतं.

आधी खुर्ची कुरकुरली. मग कोणीतरी श्वास घेतला, माइकच्या अगदी जवळ. ठेक्याचं बटण शून्यावर असतं तर श्वासही आला नसता. ठेका सुटला.

मग लांबून, मुंगी चालावी इतका बारीक, टिक-टिक, टिक-टिक असा ताल ऐकू यायला लागला. आत्याला आधी कळेना. मग उमगलं. कानावरच्या हेडफोनमधून गाण्याचा ताल थोडासा बाहेर झिरपतो आणि माइक तो टिपतो. म्हणजे कोणीतरी हेडफोन लावून, माइक चालू ठेवून, गाण्याचा अख्खा ताल सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकत बसलं होतं. एक शब्दही न उच्चारता. दादाचा लाल दिवा तर लागला आणि गेला होता. दादाही सुटला.

खुर्ची पुन्हा कुरकुरली. आत्याने रेघ मागे नेऊन तेवढाच तुकडा तीनदा ऐकला. कोरडा आवाज. कुर्र, की संपलं. मागे सावली नाही, न्हाणीघर नाही. आवाज पिणाऱ्या रजया तेव्हा भिंतीवर होत्या.

गुरुवारच्या संध्याकाळपासून आज सकाळपर्यंत त्या रजया तिच्या अंथरुणात होत्या. म्हणजे ही शांतता ऑपरेशनच्या नंतरची नव्हतीच. चिमणीच्या हातून ते होणं शक्य नव्हतं. हे बुधवारचं गाणं झाल्यावर आणि गुरुवारी दिवे लागण्याच्या आत कोणीतरी केलं होतं.

बुधवारी ठेका आणि दादा घरातून शेवटी बाहेर पडले ते एकत्र, वहिनीला घेऊनच, दवाखान्यातल्या तपासण्यांसाठी. गुरुवारी चिमणी कॉलेजात होती. मग उरलं कोण?

उत्तर समोर आलं होतं, पण आत्याला ते उचलायचं नव्हतं. तिने पुढे ऐकलं. कुठेतरी मध्यावर, तालाच्या मागे, दाराच्या पलीकडे, माणसं बोलत होती. भांड्यांचा आवाज. नळ. एक बाई बोलत होती, जरा ठसक्यात, स्वतःवर खूश असल्यासारखी.

आत्याने डोळे मिटून हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबले.

"अख्खं गाव तिला आवाजावरून ओळखतं, दादा. तो गेला तर वहिनीत उरलं काय? बरं झालं गाणं करून ठेवलंत. निदान खरी वहिनी तेवढी तरी राहील."

आणि मग पुरुषाचा आवाज, थकलेला: "हो ना."

त्यानंतर श्वास थांबला. ताल मात्र शेवटपर्यंत वाजत राहिला.

आत्याने हेडफोन काढले. ती बाई म्हणजे ती स्वतः होती.

५

वहिनी आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसली होती. हातात फोन. आत्याने दार लोटलं आणि जमिनीवर, तिच्या पायाशी बसली. वर बसायची तिची हिंमत झाली नाही.

"तुला अजून एक ओळ वाढवायची होती का? की तेच पुन्हा, आणखी चांगलं गायचं होतं?" तिने विचारलं. "गुरुवारी तू तालासाठी हेडफोन लावलेस. माइक चालू होता. माइकमध्ये जे जातं ते हेडफोनमधून कानात येतं, होय ना? नुसत्या कानाला स्वयंपाकघरातलं ऐकू आलं नसतं. पण माइकने ते उचलून तुझ्या कानात ओतलं. माझं बोलणं. आणि दादाचं 'हो ना'."

वहिनी तिच्याकडे बघत होती. डोळे कोरडे होते.

"मघाशी तू पडद्याकडे बघितलं नाहीस. सगळ्यांना धक्का बसला, तुला नाही. मी गाड्या बघते, वहिनी. धडक येणार हे ज्याला आधीच माहीत असतं, त्याचा पाय आधीच ब्रेकवर असतो."

वहिनीने फोनवर टाइप केलं आणि पडदा तिच्यापुढे धरला.

'शेवटची ओळ पुन्हा गायला बसले होते. तोंड उघडेना. तुम्ही म्हणत होतात ती खरी वहिनी त्या लॅपटॉपमध्ये होती. मग बाहेर बसलेली कोण?'

आत्याने वाचलं. कोणीतरी थोबाडीत द्यावी तसं झालं तिला. तिला म्हणायचं होतं, मी कौतुक करत होते, मला तसं म्हणायचं नव्हतं. पण धडक देणारा प्रत्येक चालक हेच म्हणतो, हे तिला पाठ होतं.

वहिनी पुन्हा टाइप करू लागली.

'ती राहिली असती तर तुम्ही रोज तिलाच ऐकलं असतं. मग माझ्याकडे बघितलं असतं, आणि बिचारी म्हटलं असतं. म्हणून काढून टाकली.'

"नुसतं काढून टाकायचं ना. त्याजागी हे का ठेवलंस?"

बोटं थांबली. मग:

'राग. वाटलं, ऐकू दे त्यांना. कोणीतरी आवाज वाढवेल आणि त्यांना कळेल. पण मघाशी दाराआडून चिमणीचं रडणं ऐकू आलं. तेव्हा कळलं मी काय केलंय.'

"बाहेर तिघंही स्वतःला गुन्हेगार समजतायत," आत्या म्हणाली. "चिमणीला वाटतंय तिने पुसलं. दादाला वाटतंय त्याने. ठेका तर म्हणतोय पहिल्यापासून काही नव्हतंच. त्यांना वाटतंय, तू रागावून बोलत नाहीस."

वहिनीने मान खाली घातली. तिने टाइप केलेलं आत्याला उलटं वाचावं लागलं.

'रागाने नाही. सकाळी न्हाणीघरात बोलून बघितलं. पत्रा ओढल्यासारखा आहे. तो ऐकवायची लाज वाटते. आणि जे केलं ते सांगायचीही. ताई, त्यांना नको सांगू.'

आत्या उठली. आपल्या बोलण्याने एका बाईचा आवाज दोनदा गेला, एकदा लॅपटॉपमधून आणि आता लाजेपोटी तोंडातून, हे तिला स्पष्ट दिसत होतं. घटना तिने शोधून काढली होती, आणि ती सांगायची नाही असं घटनेचा बळीच म्हणत होता.

"ठीक आहे," ती म्हणाली. "तुझं नाव येणार नाही."

मग ती बाहेर गेली, तिघांना जेवणाच्या टेबलापाशी बोलावलं आणि उभ्यानेच म्हणाली, "शोध संपला. मीच पुसलं ते."

६

आधी कोणाचा विश्वासच बसेना.

"तू?" दादा म्हणाला. "तुला तर ते चालू कसं करतात तेही येत नाही."

"म्हणूनच तर. रजया काढताना धक्का लागला, काहीतरी दाबलं गेलं. भीतीने बोलले नाही."

हे खोटं फार कच्चं होतं. असा दावा कोणी तिच्यापुढे आणला असता तर तिने हसत परत पाठवला असता. पण टेबलाभोवतीच्या तिघांना सुटका हवी होती, आणि सुटका हवी असलेला माणूस पावती तपासत नाही. दादाने खुर्चीत अंग टाकलं. ठेक्याने डोळे मिटून घेतले. चिमणी मात्र उभी राहिली.

"एवढे दिवस तू आमच्याकडे राहिलीस," ती म्हणाली, आवाज चढत होता, "रोज तिच्या उशाशी बसलीस, सूप भरवलंस, आणि तुला माहीत होतं? मघाशी मी तुझ्यासमोर रडत होते तेव्हाही माहीत होतं? माझं ते गाणं ऐकलंस, आणि तेव्हाही गप्प? तुला आईचं गाणं म्हणजे चेष्टाच वाटायची. या वयात रॅप, म्हणून तूच हसली होतीस सगळ्यात जास्त!"

"हो," आत्या म्हणाली. त्यातलं शेवटचं तरी खरं होतं.

"चिमणे, मोठ्यांशी..." दादा सुरू झाला.

"काय मोठ्यांशी? परत येणारे का तो आवाज? सांग ना आत्या, येणारे का?"

"मी पुसलं."

हे आत्या म्हणाली नव्हती. दादाही नाही.

आवाज दाराकडून आला होता. खरखरीत, खोल, मध्येच तुटलेला. क्षणभर सगळ्यांना वाटलं, घरात कोणी परकं माणूस आलंय. वहिनी चौकटीला धरून उभी होती. गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या.

"मी," ती पुन्हा म्हणाली, थांबून, एकेक शब्द जड सामान उचलावं तसा उचलत. "ही खोटं बोलते."

चिमणीला राग यायला हवा होता, पण तो कुठे ठेवला होता तेच तिला सापडेना. ती आईकडे बघत होती, आईच्या ओठांकडे, तिथून तोच आवाज निघाला ना याची खात्री करून घेत असल्यासारखी.

"का गं?" दादाने विचारलं. हळूच. लिफ्टच्या बाहेरून विचारतो तसं. "का पुसलंस?"

वहिनीने मान हलवली. सांगायचं नव्हतं, की शब्द संपले होते, कोण जाणे. पण तिची नजर आत्याकडे गेलीच नाही. एवढं करूनही ती आत्याचं नाव घेणार नव्हती.

आणि इथे आत्याला कळलं, की तपासणी करणारी म्हणून तिचं काम अजून संपलेलं नाही. धडक कोणाच्या गाडीची हे सांगून झालं होतं. ती कोणी घडवली, ते राहिलं होतं.

"तिला नको विचारू, मला विचार," ती म्हणाली. ती दादासमोर बसली. "गुरुवारी संध्याकाळी, स्वयंपाकघरात, मी भांडी विसळत होते आणि तू पुसत होतास. मी म्हणाले, आवाज गेला तर वहिनीत उरलं काय. खरी वहिनी गाण्यात तेवढी राहील, असंही म्हणाले. ती माइकपाशी होती, कानात हेडफोन होते. तिने सगळं ऐकलं. चिमणे, तू मला जे बोललीस ते कमीच बोललीस."

नळ टपकत होता तो ठेक्याने हात लांब करून बंद केला.

दादा टेबलाच्या कडेवर अंगठा फिरवत राहिला.

"आणि मी 'हो ना' म्हणालो होतो," तो म्हणाला. "मला आठवतंय. मी दमलो होतो, ऐकतही नव्हतो नीट. पण म्हणालो." त्याने वहिनीकडे बघितलं. "लाल दिव्याची चूक कबूल करायची मला एवढी घाई झाली होती, कारण ती चूक लहान होती गं. ही सोडून कुठलीही चालली असती मला."

वहिनी पुढे आली. खुर्ची ओढून बसली. कोणीतरी तिची माफी मागेल, कोणीतरी पाया पडेल, रडारड होईल, असा तो क्षण होता. आत्याने तर हात पुढे केलाही होता. वहिनीने तो हात घेतला नाही. झटकलाही नाही. टेबलावर होता तसा राहू दिला आणि शेजारी आपला ठेवला.

चिमणी तिच्याजवळ सरकली. "आई," ती म्हणाली, "परत बोल ना. काहीही बोल."

वहिनीने घसा खाकरला. सगळे वाकले. ही बाई आता माफ करणार की शिव्या देणार, हे चौघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं.

"चहा टाका," तो खरखरीत आवाज म्हणाला, स्थानकावर गाडी लागल्याचं सांगावं तसा, हळू आणि स्वच्छ. "कोणीतरी."

आणि चौघंही एकदम उठले.